आधी यंत्र बनवा, मग पीएचडी करा, आणि हे सगळं पाच वर्षांत!

मा. संपादक यांस,

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की ही पीएचडीची मुलं सात-सात आठ-आठ वर्षं सरकारच्या पैशावर नुसती बसून खातात, पाच वर्षांत उरकत नसेल तर फेलोशिप व्याजासकट वसूल करा. बरं, हे काही त्यांचं एकट्याचं मत नाही. डिसेंबर २०२३ ला नागपूरच्या अधिवेशनात भर विधान परिषदेत पीएचडी करून काय दिवे लावणार असं विचारून झालंय, तेव्हा विषय सारथी या राज्य सरकारी संस्थेच्या फेलोशिपचा होता आणि त्यावर गदारोळ पण झाला, पण खरं सांगायचं तर आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी तेव्हा मनातल्या मनात मान डोलावली होती. मला राजकारणावर काही लिहायचं नाहीये. मी स्वतः एक्स्पेरिमेंटल फिजिक्समध्ये पीएचडी केलीय, आता कॉलेजात बीएस्सीला शिकवते, आणि त्या पत्राला उत्तर द्यायचं तर ते फक्त माझ्या विषयापुरतं देईन, कारण इतिहासात किंवा कॉमर्समध्ये पीएचडीला किती वेळ लागावा हे सांगणारी मी कोण.

मुद्दा एकच आहे. आमच्याकडे मोजमाप घ्यायच्या आधी मोजायचं यंत्र उभं करावं लागतं, आणि फेलोशिपचं घड्याळ मात्र तुम्ही जॉईन झालात त्या दिवशी सुरू होतं. म्हणजे शेतकऱ्याने विहीर खणायला घेतली त्याच दिवशी पीककर्जाची मुदत मोजायला लागायची आणि पाणी लागेपर्यंत मुदत संपली की म्हणायचं, बघा, हा काही पिकवत नाही.

लोकांना वाटतं लॅबमध्ये मशीन तयार असतं, मुलं जाऊन बटण दाबतात, आकडे येतात, थिसिस होतो. तसं असतं तर तो प्रयोग आधीच कुणीतरी करून टाकला असता ना! नवीन काही मोजायचं असेल तर बाजारात मिळणारं मशीन पुरत नाही, त्याला काहीतरी जोडावं लागतं, कापावं लागतं, वर्कशॉपमधल्या लेथवाल्या काकांना चहा पाजून एखादा फ्लँज करून घ्यावा लागतो, सॉफ्टवेअर स्वतः लिहावं लागतं.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सांगते, कारण ते गृहस्थ म्हणतील हे सगळं इथलंच रडगाणं आहे. जोसलिन बेल म्हणून एक मुलगी १९६५ साली केंब्रिजला पीएचडीला लागली, गाईड होते अँटनी ह्युइश. विषय क्वेझारचा (म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांचे अतितेजस्वी गाभे), पण क्वेझार शोधायला जी रेडिओ दुर्बीण लागणार होती ती अस्तित्वातच नव्हती, ती आधी बांधायची होती. साडेचार एकर जागेत हजाराच्या वर लाकडी खांब ठोकले, त्यावर दोन हजारांच्या वर अँटेना, आणि जवळपास १९० किलोमीटर वायर आणि केबल. मजूर लावून नाही हां, पाच-सहा जणांनी मिळून, उन्हाळी सुट्टीत येणाऱ्या पोरांना हाताशी धरून. पहिली दोन वर्षं यातच गेली, आणि बाई पुढे स्वतःच सांगायच्या की केंब्रिज सोडताना मला घण चांगला चालवता येत होता. आज आपल्या युजीसीच्या फॉर्मवर या दोन वर्षांचा प्रोग्रेस रिपोर्ट काय लिहिला असता? पब्लिकेशन शून्य, कॉन्फरन्स शून्य, खांब हजार.

जुलै १९६७ मध्ये दुर्बीण चालू झाली. तेव्हा कॉम्प्युटरवर डेटा वगैरे नाही, कागदाच्या पट्टीवर पेनाने रेघ उमटायची, दिवसाला जवळपास तीस मीटर कागद, आणि तो सगळा ही मुलगी डोळ्यांनी बघायची. सगळं आकाश एकदा स्कॅन व्हायला चार दिवस लागायचे आणि त्यात चारशे फूट कागद निघायचा. त्या चारशे फुटांत एका जागी पाव इंचाची एक कसलीतरी खरडल्यासारखी रेघ, धड ताऱ्यासारखी नाही, धड रेडिओच्या खरखरीसारखी पण नाही. बहुतेकांनी सोडून दिली असती. हिने नाही सोडली, कारण ती वायर न वायर हिने स्वतः जोडली होती, कुठली खरखर आपल्या दुर्बिणीची आणि कुठली बाहेरची हे तिला ओळखता येत होतं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला हाच भाग महत्त्वाचा आहे, खांब ठोकण्यात दोन वर्षं वाया गेली असं जे वाटतं ना, ती दोन वर्षं नसती तर ती पाव इंच रेघ दिसलीच नसती. नोव्हेंबरमध्ये कागद जोरात पळवून बघितला तेव्हा कळलं की दर सव्वा-दीड सेकंदाने, नेमकं सांगायचं तर १.३३७ सेकंदांनी ठोका पडतोय. परग्रहावरचे लोक असतील म्हणून गमतीत त्याला लिटल ग्रीन मेन असं नाव पण दिलं होतं. मग डिसेंबरात आकाशाच्या दुसऱ्याच भागात तसाच दुसरा सापडला तेव्हा जिवात जीव आला, कारण दोन ठिकाणचे हिरवे बुटके एकाच वेळी आपल्याला हाक मारणार नाहीत. तो पल्सार, म्हणजे गरागरा फिरत ठराविक लयीत रेडिओचे ठोके पाठवणारा, आकसून गेलेला तारा. फेब्रुवारी १९६८ मध्ये जाहीर झालं. आणि थिसिसमध्ये पल्सार कुठे आहे माहितीय? शेवटी, परिशिष्टात! कारण थिसिसचा विषय क्वेझार ठरला होता. १९७४ चं नोबेल ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं, तिला नाही. २०१८ ला तिला तीस लाख डॉलरचं दुसरं मोठं बक्षीस मिळालं तर तिने ते सगळंच्या सगळं पीएचडीच्या मुलांच्या स्कॉलरशिपसाठी देऊन टाकलं.

आता ते गृहस्थ म्हणतील, अहो पण ती तर तीन-साडेतीन वर्षांत मोकळी झाली, मग तुम्हाला काय धाड भरली. बरोबर आहे प्रश्न. फरक एवढाच की तीन कोटेशनं आणा, त्यातलं सगळ्यात स्वस्त घ्या, ते आधी सरकारी खरेदीच्या पोर्टलवर बघा असं तिला कुणी सांगत नव्हतं.

आमच्या लॅबमध्ये (कुठल्या ते लिहीत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आहे) व्हॅक्यूमचा (आतली हवा काढून टाकणारा) एक पंप परदेशातून यायचा होता. त्याचं टेंडर, मग टेक्निकल बिड, मग फायनान्शियल बिड, मग एकच पार्टी आली म्हणून परत टेंडर, मग मार्च एंड, ग्रँट परत गेली, नवीन वर्षात परत पहिल्यापासून. नमनालाच घडाभर तेल. २०२० पासून तर दोनशे कोटींच्या आतल्या खरेदीला ग्लोबल टेंडर काढायचं म्हटलं की थेट सचिवांची परवानगी लागायची, आता विद्यापीठातलं कुठलं मशीन दोनशे कोटींच्या वरचं असणार? २०२५ ला केंद्राने हे नियम सैल केलेत, कुलगुरू आणि संचालकांना जेम या सरकारी खरेदी पोर्टलच्या बाहेर खरेदीची मुभा दिली, चांगलं केलं, पण या मधल्या वर्षांत जी मुलं अडकली त्यांची ती वर्षं फेलोशिपमधूनच कापली गेली ना.

पंप आला म्हणजे झालं असंही नाही. मी लो टेम्परेचरमध्ये काम करायचे, म्हणजे सॅम्पल लिक्विड हेलियमने थंड करायचं, ४.२ केल्विन, उणे २६९ डिग्री सेल्सियस. त्याला चारी बाजूंनी व्हॅक्यूम लागतो आणि व्हॅक्यूमचा मोठा शत्रू म्हणजे लीक. लीक शोधायची पद्धत अशी, आत लीक डिटेक्टर जोडायचा आणि बाहेरून प्रत्येक जोडावर, प्रत्येक वेल्डिंगवर, प्रत्येक ओ-रिंगवर हेलियम गॅसचा बारीक फवारा मारत फिरायचं, कुठेतरी फट असेल तर गॅस आत जातो आणि डिटेक्टरचा आवाज चढतो. फवारा हळू मारायचा, घाई केली तर गॅस शेजारच्या जोडाला लागतो आणि चुकीचा जोड पकडला जातो. आणि यातला सगळ्यात दुष्ट प्रकार म्हणजे कोल्ड लीक. खोलीच्या तापमानाला सगळं चोख, डिटेक्टर गप्प, तुम्ही खुशीत थंड करायला घेता, धातू आकसतात, प्रत्येक धातू वेगळा आकसतो, आणि फट तेव्हाच उघडते. हेलियम २.१७ केल्विनच्या खाली नेलं तर ते सुपरफ्लुइड होतं आणि ज्या फटीतून हवा सुद्धा जात नाही त्यातून आरामात पळतं. मग परत सगळं गरम करायचं (ते काय गॅसवर ठेवून होत नाही, सावकाशच करावं लागतं), उघडायचं, इंडियमची तार बदलायची, बंद करायचं, परत थंड. मध्येच महावितरणची कृपा झाली तर कॉम्प्रेसर बंद, हेलियम उडून गेलं, आणि हेलियम आपल्याकडे बाहेरून येतं, त्याचा भाव विचारू नका. या सगळ्या काळात बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? एक बाई स्टुलावर बसून पाइपावर काहीतरी फवारतेय. बसून खातेय म्हटलं तर बसलेली होतेच, खाणं मात्र रात्री अकराला मेस बंद झाल्यावर बिस्किटांचं.

खगोलवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं, त्यांना दुर्बीण तयार मिळते पण वेळ मागून घ्यावा लागतो. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं बघा. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, १४ मधल्या चौकात आणि बाकी १६ वायच्या आकारात पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. सहा महिन्यांच्या सायकलसाठी आधी प्रपोजल लिहायचं, जगभरातून प्रपोजलं येतात, त्यात तुमचं पास झालं तर ठरलेले तास मिळतात. त्या तासांना वारा सुटला तर डिश आकाशाकडे सरळ तोंड करून उभ्या करून ठेवतात, तुमचे तास गेले. वारा नसला तर मोबाइल टॉवर, विजेच्या तारांवरची ठिणगी, कुणाच्या तरी घरातलं बिघडलेलं उपकरण, सगळ्यांचा रेडिओ नॉईज डेटात घुसतो, आणि मग पीएचडीचा मुलगा महिनोन् महिने तो डेटा निवडत बसतो, हा ठेवा हा फेका, तांदूळ कमी खडे जास्त. (पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग जीएमआरटीमुळे बदलतोय म्हणून जुन्नर-आंबेगावकडची माणसं चिडलीयत, त्यांचं चिडणं मला समजतं, त्यांनी किती वर्षं वाट बघितली रेल्वेची, पण तिथे नॉईज नको असा हट्ट का धरतात ते या खडे निवडणाऱ्यांना विचारा.)

आणि याचा उपयोग काय झाला म्हणाल तर २९ जून २०२३ ची बातमी आठवा, तुमच्या पेपरातही आली होती, की विश्वात गुरुत्वीय लहरींची एक सततची गुणगुण आहे त्याचे पुरावे मिळाले. या लहरींचं एक-एक हेलकावणं काही वर्षांचं असतं, आणि लहर गेली की पल्सारचे ठोके किंचित पुढे-मागे होतात, त्यामुळे त्या पकडायच्या तर ते ठोके वर्षानुवर्षं, मायक्रोसेकंदाच्या हिशोबात नोंदवत बसावं लागतं. युरोपच्या लोकांकडे पंचवीस वर्षांचा डेटा होता, त्यात आपल्या इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे या शास्त्रज्ञांच्या गटाने जीएमआरटीवरचा दहा पल्सारचा साडेतीन वर्षांचा डेटा जोडला. साडेतीन वर्षं ऐकायला कमी वाटतात पण आपला डेटा कमी फ्रीक्वेन्सीचा आहे, आणि पल्सारचा सिग्नल येता येता वाटेतल्या इलेक्ट्रॉनमुळे जो उशीर होतो तो कमी फ्रीक्वेन्सीला जास्त होतो, म्हणजे तो उशीर नीट मोजून वजा करायचा तर आपल्याचसारखा डेटा लागतो. बातमीत संस्थेचं नाव होतं, ज्येष्ठ शास्त्रज्ञांची वाक्यं होती, ते योग्यच आहे. पण दर दोन आठवड्यांनी रात्री-अपरात्री ऑब्झर्व्हेशन लावणारी आणि नंतर ते ठोके जुळवणारी बरीच मंडळी पीएचडीचीच, त्यांचं नाव लेखकांच्या यादीत असतं, बातमीत नसतं. पंचवीस वर्षांचं काम पाच वर्षांच्या फेलोशिपमध्ये मावत नाही हे सांगायला शास्त्रज्ञ असायची गरज नाही.

आता पैशाचं. नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी केंद्राची फेलोशिप) मिळालेल्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढची तीन वर्षं ४२,०००, घरभाडं वेगळं. त्याआधी ३१ आणि ३५ हजार होते. वाईट रक्कम नाही, मी नाही म्हणणार नाही. पण एक, ती दर महिन्याला येत नाही, तीन-चार महिन्यांची एकदम येते, कधी त्याहूनही उशिरा, आणि तोवर घरमालकाला युजीसीचं सर्टिफिकेट दाखवून चालत नाही. दोन, नेट नसलेल्यांना केंद्रीय विद्यापीठात महिना ८,००० आणि राज्याच्या विद्यापीठात बऱ्याचदा तेवढेही नाहीत. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारी संस्थांच्या मुलांना तर फेलोशिपसाठी रस्त्यावर बसावं लागलं. आणि तीन, जे माझ्या मते सगळ्यात वाईट आहे, पाच वर्षं झाली की बंद. युजीसीचेच २०२२ चे नियम सांगतात की पीएचडी सहा वर्षांपर्यंत करता येते, परत नोंदणी केली तर आणखी दोन वर्षं, बायकांना आणि दिव्यांगांना त्यावर अजून दोन. म्हणजे वेळ आठ वर्षांचा, पैसे पाच वर्षांचे. मधल्या वर्षांत जगायचं कशावर हे नियमात कुठेच लिहिलेलं नाही. मग काय होतं, पाचव्या वर्षी कुठे सेटअप नीट चालायला लागतो, खरा डेटा यायला लागतो, आणि नेमका तेव्हाच मुलगा कुठल्यातरी कॉलेजात सीएचबीवर (तासाच्या हिशोबाने पैसे) तास घ्यायला पळतो, नाहीतर क्लासमध्ये नीटच्या मुलांना शिकवतो आणि रात्री लॅबला येतो. अशाने सहाचं आठ होणार नाही तर काय?

त्या गृहस्थांचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण पटतं, की काहींचा उशीर उगाचचा असतो. टाइमपास करणारे आहेत, आमच्या बॅचलाही होते. पण उगाचचा उशीर गाईडकडूनही होतो हे ते विसरले. मशीन ज्या मुलाच्या हाताला बसलंय त्याला सोडायला गाईड तयार नसतात, अरे अजून एक पेपर होऊ दे, नवीन आलेल्याला शिकव, तुझ्याशिवाय तो क्रायोस्टॅट (थंड करायचं यंत्र) कुणाला येतो, असं करत सिनॉप्सिसच्या (थिसिसआधी द्यायच्या सारांशाच्या) सह्या लांबवत नेतात. आणि नवीन मुलगा घेताना लॅबमध्ये नक्की काय चालू आहे, काय बंद आहे, काय टेंडरमध्ये आहे हे त्याला सांगायची पद्धतच नाही. तो बिचारा वेबसाइटवरचे फोटो बघून येतो. व्याजासकट वसुली करायचीच असेल तर दोन्हीकडून करा मग.

म्हणून माझं म्हणणं असं की ज्या मुलांचं काम यंत्र उभं करण्यावर अवलंबून आहे त्यांना सहावं वर्ष फेलोशिपसकट मिळावं, सगळ्यांना सरसकट नको, समितीने लॅबमध्ये जाऊन मशीन बघून ठरवावं, खरेदीची फाइल कधी सुटली आणि मशीन कधी चालू झालं याच्या तारखा तर कागदावर असतातच, त्या बघायला काय लागतं. आणि प्रोग्रेस रिपोर्टमध्ये पेपर किती याच्या शेजारी एक रकाना असावा की यंत्राचं काम काय झालं, जोडणी, टेस्टिंग, कॅलिब्रेशन, ते सुद्धा कामच आहे. खर्चाचं म्हणाल तर एका मुलाचं एक वर्ष म्हणजे घरभाडं सोडून पाच लाख चार हजार. ज्या मशीनवर तो काम करतो ते कित्येकदा कोटीच्या घरात असतं, त्याच्या वार्षिक देखभालीच्या कंत्राटालाही दर वर्षी चांगले पैसे मोजतो आपण, आणि ते चालवता येणारा एकुलता एक माणूस पाच लाखांसाठी सीएचबीवर पाठवतो.

आणि तुम्हालाही एक विनंती. पुढच्या वेळी अशी काही बातमी आली, जीएमआरटीची असो नाहीतर औंढा नागनाथच्या लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेची, तर त्यातल्या एखाद्या पीएचडीच्या मुलीला किंवा मुलाला फोन करा, शोधाबद्दल नंतर विचारा, आधी विचारा की पहिली दोन वर्षं काय करत होतात. वाचायला मजा येईल, पैज लावते.

पत्र फारच लांबलंय हे मला दिसतंय. जागेअभावी कापायचं तर लीकवाला भाग कापा, सहाव्या वर्षाचा हिशोब तेवढा ठेवा.

आपली,
एक प्राध्यापिका, सातारा
(कृपया नाव छापू नये)